कान वाजतात? मग खोली फार शांत ठेवू नका

ज्यांचे कान वाजतात, त्यांच्यापैकी अनेकांना थंडीचे दिवस जड जातात. कारण कानात नसतं, छताला असतं. मार्चपासून रात्रभर डोक्यावर घरघरणारा पंखा नोव्हेंबरात बंद होतो. शेजाऱ्यांचा कूलर माळ्यावर जातो, पत्र्यावरचा पाऊस केव्हाच थांबलेला असतो, गार वारं येतं म्हणून खिडक्याही लावून घेतल्या जातात. मग रात्री अकराला पाठ टेकली की कानातली ती बारीक शिट्टी, कुणाचा तो रातकिडा, कुणाची ती सुंई एकदम अंगावर येते. माणूस घाबरतो, आजार वाढला असं धरून चालतो आणि सकाळी उठून डॉक्टरांची वेळ घेतो. बहुतेकदा वाढलेलं काही नसतं. भोवतालचा आवाज तेवढा कमी झालेला असतो.

हे ध्यानात आलं की या त्रासावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय हाताशी येतो. कानातला आवाज बंद करता येत नसेल तर खोलीतली शांतता कमी करायची. ऐकायला हे अगदी सोपं आहे. पण आवाज कोणता लावायचा, किती लावायचा आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, यात बहुतेक जण गडबड करतात आणि आठवडाभरात कंटाळून सोडून देतात.

आधी कान दाखवून घ्या

वैद्यकात या तक्रारीला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत तो आहे. दुखणं जुनं आहे आणि सर्रास आढळणारंही. २०२२ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे १४ टक्के प्रौढांना असा आवाज येत असल्याचं दिसलं. त्यातले बहुसंख्य लोक तो घेऊन निवांत जगतात. तीव्र त्रास होणारे सगळ्या प्रौढांत मिळून साधारण २ टक्के.

तुम्ही या दोहोंपैकी कुठेही असा, कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा कान दाखवा आणि श्रवणचाचणी करून घ्या. कधी कधी सगळा खेळ कानातल्या घट्ट झालेल्या मळाचा असतो आणि दहा मिनिटांत संपतो. काही औषधांनीही कान वाजतात: मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, क्विनाइन, स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातली इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

काही लक्षणांना थांबायला वेळच नसतो. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं आणि त्याबरोबर आवाज सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर गेलेलं ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते, आणि आपल्याकडे ते दिवस सर्दीने कान बसला असेल असं म्हणत वाफारा घेण्यात जातात. आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप करत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर आधी तपासणी; पंखा आणि पाऊस नंतर.

आणि लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडू नका. पडद्याला भोक असेल तर त्या तेलाने जो उत्पात होतो, त्याच्यापुढे कानातली शिट्टी परवडली.

शांततेत आवाज मोठा का होतो?

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकणं ठणठणीत असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले: गुणगुण, शिट्टी, किणकिण. खोलीत अर्थातच काहीही वाजत नव्हतं. थोडक्यात, पुरेशी शांतता मिळाली तर जवळपास प्रत्येकाचे कान वाजतात. फरक एवढाच, की काहींचा आवाज त्यासाठी ध्वनिरोधक खोलीची वाट पाहत नाही.

आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं आहे. वयामुळे किंवा गोंगाटामुळे आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात. पहिल्यांदा जातात त्या बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवून ती तूट भरून काढू पाहतो आणि त्या भरात स्वतःच्याच मज्जातंतूंची कुजबुज त्याला ऐकू येऊ लागते. म्हणून बहुतेकांच्या कानातला आवाज उंच पट्टीतला असतो. मोजून पाहिलं तर तो फार मोठाही नसतो. त्या पट्टीत जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा तो बहुधा दहा-पंधरा डेसिबलपेक्षा अधिक निघत नाही. रात्री दोनला ज्याची झोप उडाली आहे त्याला हे सांगून पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्रास आवाजाच्या मोठेपणावर थोडाच असतो. मेंदूने त्याला धोक्याची सूचना समजलं की तो छळू लागतो.

आणि धोका नाही हे पटलं की तोच मेंदू आवाज गाळून टाकतो. डोंबिवली-कल्याणला रुळांना लागून राहणाऱ्यांना शेवटची लोकल गेलेली कळत नाही. पाहुणा मात्र दर गाडीला दचकून उठतो. दोघांचे कान सारखेच. पावेल यास्त्रेबॉफ या पोलंडमध्ये जन्मलेल्या मज्जाशास्त्रज्ञाने १९९० मध्ये टिनिटसची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा हाच होता: कान बरा करता आला नाही तरी मेंदूची ही सवय बदलता येते.

बुडवायचं की मिसळायचं?

पार्श्वभूमीचा आवाज वापरण्याचे दोन संप्रदाय आहेत आणि घरी बसून प्रयोग करणाऱ्याला दोन्ही माहीत असलेले बरे.

पहिला बुडवणाऱ्यांचा. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात जॅक व्हर्नन हे संशोधक चार्ल्स युनिस या डॉक्टरांबरोबर फिरत होते. युनिस यांचे स्वतःचे कान वाजत. लव्हजॉय कारंज्यापाशी आल्यावर युनिस तिथून हलेनात, कारण कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजात त्यांना कानातलं काहीच ऐकू येत नव्हतं. व्हर्नन यांनी ते पाहिलं आणि कानात घालायची, फसफस आवाज करणारी छोटी यंत्रं त्यातून पुढे आली. बाहेरचा आवाज इतका लावायचा की आतला झाकला जावा. यात एक गंमतही आहे. असा झाकणारा आवाज मिनिटभर ऐकून बंद केला तर काहींच्या कानातली शिट्टी पुढची काही सेकंदं, क्वचित काही मिनिटं, मंद राहते किंवा गायब होते. पहिल्यांदा ते अनुभवणाऱ्याला रडू येऊ शकतं. पण ती परत येते, आणि हा प्रकार पुन्हा पुन्हा करत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा संप्रदाय यास्त्रेबॉफ यांचा, मिसळण्याचा. त्यांचं म्हणणं, आवाज आतल्या आवाजापेक्षा थोडा खालीच ठेवा. दोन्ही ऐकू यायला हवेत. जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला कशी लागणार?

माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण त्यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. बुडवायला निघालेला माणूस हळूहळू आवाज वाढवत नेतो. आज चार पट्ट्या, पुढच्या महिन्यात सहा. मग खोलीत दुसरं कुणी झोपू शकत नाही. पहाटे वीज जाते, तेव्हा शांतता दुप्पट जोराने आदळते. शिवाय ज्या कानांचं आधीच नुकसान झालं आहे त्यांच्यावर रात्रभर मोठा आवाज ओतण्यात शहाणपण नाही. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे, आणि आपल्याला लागणारा आवाज तिच्या कितीतरी खाली भागतो.

आता पुराव्याचं. यास्त्रेबॉफ यांची पूर्ण पद्धत, म्हणजे समुपदेशन आणि कानात घालायची यंत्रं, अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत १५१ जणांवर तपासली गेली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाला खरी यंत्रं, दुसऱ्याला थोड्या वेळाने आपोआप मंद होत बंद पडणारी नकली यंत्रं, तिसऱ्याला नेहमीचा सल्ला आणि घरात साधे आवाज ठेवण्याची शिफारस. तिन्ही गटांत अनेकांचा त्रास कमी झाला आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याआधी २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही ध्वनियंत्रं किंवा श्रवणयंत्रं दुसऱ्या कशाहून सरस असल्याचा पुरावा सापडला नव्हता. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत ध्वनी वापरणं हा एक पर्याय म्हणून सुचवला आहे, त्यापलीकडे नाही.

यावरून मी काढतो तो अर्थ असा: आवाज हा आधार आहे, औषध नव्हे, आणि महागड्या यंत्राने पंख्याहून जास्त काही होईल अशी खात्री कुणी देत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

कोणता आवाज

आवाज असा हवा, की त्यात ऐकण्यासारखं काही नसावं. शब्द नकोत, ठेका नको, मध्येच काही दचकवणारं नको आणि मनात कसली आठवण ढवळून निघेल असंही नको. पाऊस, ओढा, समुद्राची गाज, पंखा, एसीची घुर्र हे सगळं त्यात बसतं. अ‍ॅपमध्ये व्हाइट, पिंक आणि ब्राउन नॉइझ अशी नावं दिसतील. व्हाइट म्हणजे टीव्हीचं प्रक्षेपण गेल्यावर येई तशी खरखर. तिच्यात बारीक स्वर फार, त्यामुळे उंच शिट्टीत ती चांगली मिसळते, पण पुष्कळांना टोचते. पिंकमध्ये तोच आवाज मऊ होतो, साधारण सरीवर सर पडल्यासारखा. ब्राउन अजून खालचा, लांबच्या धबधब्यासारखा. बरा वाटेल तो तुमचा. रंगाला पवित्र-अपवित्र काही नाही.

तानपुऱ्याचं काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मन शांत करायला तानपुरा उत्तमच. जवारीमुळे त्यात वरचे स्वरही भरपूर निघतात. पण तो सुरात आहे, आणि तुमच्या कानातली शिट्टी त्या सुराशी जुळत नसेल तर गाणाऱ्या माणसाला ती विसंगती रात्रभर छळते. ज्यांना सुराचं फारसं पडलेलं नाही त्यांनी खुशाल लावावा.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका रात्री हरिपाठ लावून झोपायच्या. आवाज ओळखीचा, श्रद्धेचा, चालही संथ. तरी झोप येईना. कारण सगळं पाठ! ध्वनिफितीच्या आधी पुढची ओळ त्यांच्या मनात यायची, मग मध्येच एखादा शब्द चुकीचा म्हटलाय की काय ते तपासलं जायचं. झोपायच्या बेतात असलेलं मन वर्ग घेत बसायचं. शेवटी त्यांनी हरिपाठ साडेनऊपर्यंत ऐकायचा आणि दिवा मालवल्यावर पावसाची फीत लावायची असा बेत केला. पहिल्या रात्री त्यांनी पाऊस ऐकून गच्चीवरचे कपडे काढायला यजमानांना उठवलं, ती गोष्ट निराळी.

फीत निवडताना आणखी एक पाहा. फुकटच्या पुष्कळ ध्वनिफितींत अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला असतो. दर अर्ध्या मिनिटाला तोच बेडूक तसाच ओरडतो. एकदा तो लक्षात आला की माणूस पुढच्या बेडकाची वाट पाहत जागा राहतो. लांब, सलग फीत घ्या आणि ती फोनमध्ये उतरवून घेऊन इंटरनेट बंद करूनच वाजवा, नाहीतर मध्यरात्री पावसाच्या मधोमध मसाल्याची जाहिरात दणक्यात सुरू होते. आयफोनमध्ये २०२१ पासून सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात ‘बॅकग्राउंड साउंड्स’ आहेत: पाऊस, समुद्र, ओढा आणि तीन प्रकारची खरखर. वेगळं अ‍ॅप लागत नाही, जाहिराती नाहीत. अँड्रॉइडवर अशी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. एकदा पैसे भरून जाहिराती काढता येत असतील तर काढा. आणि ज्यांना फोनचीच कटकट आहे त्यांनी घरात काटा फिरवायचा जुना रेडिओ असेल तर तो दोन केंद्रांच्या मधे, जिथे नुसती खरखर येते, तिथे लावून ठेवावा. हा फुकटचा व्हाइट नॉइझ. बटणांचे नवे रेडिओ केंद्र नसेल तिथे गप्प बसतात, त्यांचा उपयोग नाही.

रात्रीची मांडणी

कानाला इयरफोन लावून झोपू नका. रात्रभर कानात बोंडं ठेवली की कान घामेजतो, मळ आत ढकलला जातो आणि आवाज किती मोठा आहे याचा अंदाज राहत नाही. छोटा स्पीकर घ्या आणि तो उशाशी न ठेवता पलंगापासून चार-पाच फूट लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवा. आवाज भिंतीवरून पसरून खोलीभर होतो. एका ठिकाणाहून येणाऱ्या आवाजाकडे लक्ष जातं, खोलीभर असलेल्याकडे जात नाही. पंखाच वापरायचा असेल तर थंडीत टेबलफॅन भिंतीकडे वळवून सर्वांत कमी वेगावर ठेवा. वारा लागत नाही, घरघर मिळते.

मग दिवा मालवून दोन मिनिटं नुसते पडा, म्हणजे कानातला आवाज समोर येईल. आता स्पीकर शून्यावरून हळूहळू वाढवा. एक टप्पा असा येतो की पाऊस आणि शिट्टी एकमेकांत शिरू लागतात, शिट्टीची धार बोथट होते. पण ती असते, शोधली तर सापडते. तिथे थांबा. त्याच्या पुढे शिट्टी पूर्ण झाकली गेली तर एक पाऊल मागे या. ही पातळी एकदा ठरली की खूण करून ठेवा आणि रोज तीच ठेवा. आज शिट्टी जास्त वाटते म्हणून पाऊस वाढवायचा, या मोहात पडू नका.

टायमर लावावा का? पडल्या पडल्या झोप लागत नाही एवढीच तक्रार असेल तर तासाभराचा टायमर पुरे. पहाटे तीनला जाग येऊन मग डोळ्याला डोळा लागत नसेल, तर आवाज रात्रभर चालू द्या. शांत खोलीत जाग येणं हेच तर टाळायचं आहे. वीज जाणाऱ्या गावांत स्पीकर बॅटरीचा असावा किंवा पंखा इन्व्हर्टरवर.

शेजारी झोपणाऱ्याशी आधी बोला. त्याला पाऊस सहन होत नसेल तर उशीच्या खोळीत घालायचे चपटे स्पीकर मिळतात. अगदी कमी आवाजात ते एकट्यालाच ऐकू येतात. खोलीत तान्हं बाळ असेल तर स्पीकर पाळण्यापासून शक्य तितका दूर आणि आवाज आणखी खाली.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: मधूनमधून स्पीकर बंद करून शिट्टी गेली का ते पाहणं. गेलेली नसतेच. पाहण्याने तिचं महत्त्व तेवढं वाढतं. प्रगती मोजायची तर झोप लागायला किती वेळ गेला, दिवसात किती वेळ कानाची आठवण झाली नाही, हे आठवड्यातून एकदा मनाशी पाहा. शिट्टी किती मोठी आहे हे मोजूच नका.

दिवसा

दिवसा फार काही करावं लागत नाही, फक्त शोधून शोधून शांत जागी बसणं सोडा. खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाक करताना, हिशेब लिहिताना आकाशवाणी हळू चालू असू दे. दिवसा शब्द चालतात, कारण झोपायचं नसतं. ध्यानाला बसणाऱ्यांनी मुद्दाम दारं-खिडक्या लावून घेऊ नयेत. अंगणातला झाडू, चिमण्या, लांबची रिक्षा असू द्या. आसपासचा आवाज मारणारे ‘नॉइझ कॅन्सलिंग’ हेडफोन विमानात ठीक, पण शांत घरात ते नुसते घालून बसलात तर शिट्टीला रंगमंच मोकळा करून दिल्यासारखं होतं.

याच्याच उलट बाजूला कानांत बोळे घालून हिंडणारे आहेत. गोंगाटाने कान बिघडले म्हणून मग भाजी मंडईतही बोळे, नातवंडं आली की बोळे. असं केलं की मेंदूला आणखी कमी आवाज पोचतो, तो संवेदनशीलता आणखी वाढवतो आणि पुढे भांड्यांचा आवाजही सहन होईनासा होतो. तसं आधीच होत असेल, म्हणजे सामान्य आवाजही बोचत असतील, तर पार्श्वभूमीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवून सुरुवात करा आणि ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, सल्ल्याने पुढे जा.

खऱ्या गोंगाटात मात्र कान झाकलेच पाहिजेत. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा, ढोल-ताशा पथकात तासन् तास ताशा पिटणारा मुलगा, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणारा, या सगळ्यांनी फोमचे इयरप्लग वापरावेत. कापसाचा बोळा मनाचं समाधान करतो, आवाज फारसा अडवत नाही. कायद्याने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीच्या दहा दिवसांत ती कुठे असते हे वाचकांना सांगायला नको.

गावी, डोंगरात, कोकणातल्या आजोळी गेलात की पहिल्या रात्री आवाज वाढल्यासारखा वाटणार, हे धरूनच चला. छोटा स्पीकर पिशवीत टाका.

ऐकायला कमी येत असेल तर

कान वाजणाऱ्यांपैकी पुष्कळांचं ऐकणं थोडंफार उतरलेलं असतं आणि त्यांना ते मान्य नसतं. ‘मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. स, श, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली, ती आधी जातात. बोलणं ऐकू येतं, समजत नाही. अशांच्या बाबतीत सर्वांत चांगला पार्श्वभूमीचा आवाज म्हणजे श्रवणयंत्र. त्यातून कपड्यांची सळसळ, नळाची धार, पानांचा आवाज, चप्पल घासल्याचा आवाज, हे वर्षांपूर्वी हरवलेलं सगळं परत येतं आणि मेंदूला आपली तूट स्वतः भरून काढायचं कारण उरत नाही. काही यंत्रांत पावसासारखा आवाजही बसवलेला असतो.

यंत्र दुकानातून परस्पर घेऊ नका. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून चाचणी करून, काही दिवस वापरून पाहून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही सोय असते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

गोळ्यांविषयी थोडंसं. आपल्याकडे कान वाजतात म्हटलं की बीटाहिस्टीन लिहून दिलं जातं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२०च्या मार्गदर्शिकेत नुसत्या टिनिटससाठी ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे; गिंको, झिंक, मेलाटोनिन टिनिटससाठी सुचवू नयेत असं अमेरिकी मार्गदर्शिका सांगते. तुम्हाला बीटाहिस्टीन चक्करेसाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यामुळे कशासाठी दिलंय ते विचारा.

ज्यांना आवाजाइतकीच, किंवा आवाजाहून जास्त, त्याची भीती छळते, त्यांच्यासाठी सध्या सगळ्यांत भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे मानसशास्त्रज्ञांकडची वर्तन-विचार उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी. शिट्टी तिने जात नाही, पण ‘हिने मी वेडा होईन’ हा विचार सुटतो. आणि रात्री एकट्याने जगणं नको वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

स्पीकरचा प्रयोग करून पाहायला दोन-तीन महिने द्या. पहिल्या आठवड्यात काही न वाटणं हे नेहमीचंच. तीन महिन्यांनीही झोप तशीच असेल तर फीत बदलत बसण्यापेक्षा पुन्हा श्रवणचाचणी आणि ऑडिओलॉजिस्ट. बरं वाटू लागलं, तर पुढचा प्रश्न असतो तो सवयीचा: पावसाशिवाय झोपच येणार नाही का? कमी आवाजात वर्षानुवर्षं पंखा लावून झोपणाऱ्या देशात ही काळजी फार करू नका. सोडायचीच असेल तर आवाज दर आठवड्याला एकेक पट्टी खाली आणा. पुष्कळ जण ते करतही नाहीत. एके रात्री स्पीकर लावायचा राहून गेला होता, हे त्यांना सकाळी कळतं.